नवीन वेबसाइटवर गिऱ्हाईक कसं आणायचं: नऊवारी शिवता शिवता शिकलेलं

वेबसाइट चालू झाली त्या दिवशी मी सगळ्या ग्रुपवर लिंक टाकली, सोसायटीचा, शाळेचा, माहेरचा, सासरचा, भिशीचा, एक सोडला नाही. दिवसभर अंगठे आणि जोडलेले हात येत होते, "खूप छान गं", "अभिनंदन", "अशीच प्रगती करत राहा". चार दिवसांनी माझ्याच लक्षात आलं की साइटवर माझा फोन नंबर एक आकडा चुकून पडलाय. एकीनेही सांगितलं नाही, कारण एकीनेही उघडून बघितलं नव्हतं.

मी सिंहगड रोडला राहते, घरूनच शिवलेल्या नऊवारी करते, ब्राह्मणी, पेशवाई, लहान मुलींच्या, ढोलपथकांच्या. साइट भाच्याने करून दिली. पहिले तीन महिने साइटवरून एक फोन नाही. आता येतात, रोज नाही पण येतात, आणि मधल्या काळात जे काय केलं ते इथे क्रमाने लिहितेय. तुमचा धंदा मसाल्याचा असू दे, सोफा रिपेअरिंगचा असू दे नाहीतर गणिताच्या क्लासचा, पायऱ्या थोड्याफार याच.

आधी एक गोष्ट. लक्ष्मी रोडला दुकान असलं की येणारा-जाणारा सहज आत डोकावतो. वेबसाइटसमोरून कोणी जातच नाही. तो तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, लिफ्ट बंद आणि दारावर पाटी नाही. माणूस तिथे येतो तो एकतर कोणीतरी पत्ता सांगितला म्हणून, नाहीतर स्वतः काहीतरी शोधत होता म्हणून. म्हणजे आपलं काम दोनच, पत्ता सांगणारे वाढवायचे आणि शोधणाऱ्याला सापडायचं.

पायरी १: गूगलला तुम्ही माहीत तरी आहात का ते बघा

गूगलच्या सर्चमध्ये इंग्रजीत साइट लिहायचं, पुढे कोलन, आणि मग स्पेस न सोडता तुमच्या वेबसाइटचा पत्ता. तुमची पानं खाली दिसली तर बरं. काहीच नाही आलं तर तुम्ही गूगलच्या लेखी अजून जन्मालाच आला नाहीत. माझं काहीच आलं नव्हतं. तीन महिने!

कारण एवढंसं निघालं. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या एका सॉफ्टवेअरवर आहे, तिथे सेटिंग्जमध्ये रीडिंग म्हणून एक भाग असतो, त्यात सर्च इंजिनांनी ही साइट दाखवू नये अशा अर्थाची एक टिक असते. काम चालू असताना अर्धवट साइट लोकांना दिसू नये म्हणून ती करतात आणि मग काढायची विसरतात. भाचाही विसरला. टिक काढली, आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत पानं दिसायला लागली. तुम्ही कोणाकडूनही साइट करून घेतली असेल तर हा प्रश्न पहिला विचारा, पैशाचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी.

मग गूगल सर्च कन्सोल उघडा, तुमची साइट गूगलमध्ये कशी दिसते ते दाखवणारं गूगलचंच टूल. फुकट आहे. साइट तुमचीच आहे हे सिद्ध करावं लागतं, ते जरा किचकट वाटतं पण एकदाच करायचंय, साइट करणाऱ्याकडून पाच मिनिटांत होतं. पण खातं मात्र तुमच्या ईमेलवर उघडा, त्याच्या नाही, उद्या त्याचं तुमचं बिनसलं तर किल्ली तुमच्याकडे हवी. डोमेनचंही, म्हणजे साइटच्या नावाचंही तसंच, ते तुमच्या ईमेलवर रजिस्टर झालंय ना ते बघून घ्या. कन्सोलमध्ये साइटमॅप द्यायचा, म्हणजे सगळ्या पानांची यादी. वर्डप्रेस २०२० च्या ५.५ व्हर्जनपासून ती स्वतःच बनवतं. आणि नवीन पान टाकलं की त्याचा पत्ता वरच्या पट्टीत टाकून इंडेक्सिंगची, म्हणजे गूगलच्या यादीत घ्यायची विनंती करायची. केली म्हणजे लगेच दिसेल असं नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

पायरी २: फोनशेजारी वही ठेवा

सगळ्यात जास्त फायदा मला याचा झाला आणि याला एक रुपया लागला नाही. फोनशेजारी दोनशे पानी वही ठेवली आणि पंधरा दिवस लोक फोनवर काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहिलं. माझ्या शब्दांत नाही, हे महत्त्वाचं. माझ्या साइटवर तेव्हा मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, "परंपरा आणि आधुनिकतेचा सुरेख संगम". वहीत काय आलं बघा:

"घालायला किती वेळ लागतो हो, पटकन होते ना?" "माझी साडी दिली तर तुम्ही शिवून देता का, का तुमच्याकडचीच घ्यावी लागते?" "साडी कापावी लागते का?" "बाथरूमला जाता येतं का?" "सहावारीची होईल का?" "मुलगी सहा वर्षांची आहे, माप कसं घेऊ?" "पंचवीस जणींच्या एकसारख्या पाहिजेत, गणपतीच्या आधी मिळतील का?" "किती दिवसांत?" "किती?"

यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर साइटवर नव्हतं. संगम होता, उत्तर नव्हतं. आणि गंमत म्हणजे बायका जे फोनवर विचारतात तेच रात्री झोपताना गूगलला विचारतात. बाथरूमचा प्रश्न तर फोनवर विचारायला लाजतात, गूगलला नाही लाजत. मी ते उत्तर सरळ लिहून टाकलं, कमरेला हुक आणि चेन असते, सलवारीसारखी काढता-घालता येते, नीट जाता येतं. ते पान आजही सर्वात जास्त वाचलं जातं. पेशवाई काठाचे इतके मेहनतीने काढलेले फोटो राहिले बाजूला.

तुम्ही भांड्यांना कल्हई करून देत असाल तर "कल्हई किती दिवस टिकते", "पितळेच्या पातेल्यात चिंच घातलेली आमटी चालते का" हेच तुमचे विषय. पाळणाघर असेल तर "मूल रडलं तर फोन करता का". शोधायला कुठे जायची गरज नाही, लोक सांगतच असतात.

वही झाली की तेच शब्द गूगलमध्ये टाईप करून बघा, तुमचं वाक्य पूर्ण व्हायच्या आधीच ते खाली पर्याय दाखवतं, ते इतर लोकांनी शोधलेलं असतं. मी टाईप केलं तेव्हा कळलं की कोणी नऊवारी लिहितं, कोणी नववारी, इंग्रजी अक्षरांत तर किती तऱ्हा, कोणी यू टाकतं कोणी नाही, कोणी शेवटी डबल ई. सगळी स्पेलिंगं एका पानात कोंबू नका, गूगलला बऱ्यापैकी समजतं आता. पण मराठीत एकदा आणि इंग्रजी अक्षरांत एकदा नाव यायला हवं, कारण पुण्यातले निम्मे लोक मराठी बोलतात आणि इंग्रजी कीबोर्डवर टाईप करतात. वाकड-हिंजवडीकडच्या माझ्या बऱ्याच गिऱ्हाइकांना तर मराठी येतच नाही, ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला नऊवारी हवी असते त्यांना. म्हणून त्यांच्यासाठी एक पान इंग्रजीत आहे, बाकी सगळं मराठीत.

पायरी ३: एका प्रश्नाला एक पान

सगळं एकाच लांबलचक पानावर ओतू नका. मुलींच्या नऊवारीचं वेगळं पान, पथकाच्या ऑर्डरीचं वेगळं, तुमची साडी आमची शिलाई याचं वेगळं. पथकाचा ट्रेझरर आला तर त्याला बोरन्हाणाचे फोटो कशाला दाखवायचे, त्याला पंचवीस नगांचा हिशोब आणि तारीख पाहिजे.

प्रत्येक पानाला टायटल असतं, सर्चमध्ये निळ्या अक्षरात दिसतं ते. माझ्या सगळ्या पानांचं टायटल "होम" होतं. आता आहे "लहान मुलींची शिवलेली नऊवारी, मापाप्रमाणे, सिंहगड रोड पुणे". काय, कोणासाठी, कुठे. साधारण पन्नास-साठ अक्षरांत बसवा, पुढचं कापलं जातं. कोणी तुम्हाला "कीवर्ड टॅग भरून देतो, दोन हजार रुपये" म्हणालं तर त्याला चहा पाजून पाठवा, गूगलने २००९ मध्येच जाहीर सांगितलंय की तो टॅग, म्हणजे पानामागे लपवून लिहिलेली शब्दांची यादी, आम्ही रँकिंगसाठी बघत नाही.

आणि एक मोह होतो तो टाळा. मला एकाने सुचवलं होतं की कोथरूडसाठी एक पान, वारज्यासाठी एक, धायरीसाठी एक, मजकूर तोच, फक्त गावाचं नाव बदलायचं. असली पानं गूगलच्या नियमात स्पॅममध्ये मोडतात. आणि वाचणाऱ्यालाही कळतं हो, पुणेकर आहे तो.

भाव लिहा. "किमतीसाठी संपर्क करा" हे वाचून माणूस संपर्क करत नाही, मागे जातो. अगदी नेमका आकडा नको असेल तर "पासून" लिहा, पण काहीतरी लिहा.

पायरी ४: स्वतःच्या फोनवर, घरचं वायफाय बंद करून उघडा

लॅपटॉपवर साइट सुंदरच दिसते. २०१९ च्या जुलैपासून नव्या साइट्स गूगल मुळात मोबाइलवर दिसते तशीच वाचतं, तेव्हा तुम्हीही तशीच वाचा. मंडईतल्या गर्दीत नेटवर्क जरा रडतं, तिथे उभं राहून मी माझी साइट उघडली, तर पहिला फोटो यायच्या आत माझी मेथी निवडून झाली होती. फोनवरचे फोटो चार-पाच एमबीचे जसेच्या तसे चढवले होते ना. स्क्वूश म्हणून गूगलचंच एक फुकटचं टूल आहे, ब्राउझरमध्येच चालतं, त्यात टाकून फोटो दीड-दोनशे केबीपर्यंत आणले, डोळ्याला फरक कळत नाही. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या टूलमध्ये पत्ता टाकला की साइटच्या वेगाला मार्क मिळतात. शंभरच्या मागे लागू नका, मुख्य गोष्ट अडीच सेकंदांत दिसली की पुरे, गूगलच त्याला चांगलं म्हणतं.

साइटचा पत्ता https ने सुरू होतोय ना तेही बघा. नसेल होत तर क्रोम "सुरक्षित नाही" असं दाखवतं आणि मावशी-काकू लगेच बंद करतात. त्यासाठी लागणारं एसएसएल सर्टिफिकेट फुकट मिळतं, साइट ज्याच्या सर्व्हरवर ठेवलीय त्या होस्टिंगवाल्याला लेट्स एन्क्रिप्टचं फुकटचं सर्टिफिकेट चालू करून द्या म्हणायचं.

मग व्हॉट्सअॅपचं बटण. त्या लिंकमध्ये नंबराआधी ९१ हवेत, पण प्लस नको, शून्य नको, मधे स्पेस नको. मी शून्य लावलं होतं आणि बटण दाबलं की नंबर चुकीचा आहे असं यायचं. बटण दाबल्यावर आधीच लिहिलेला मेसेज येईल असंही करता येतं, माझा येतो "नमस्कार, मी तुमची वेबसाइट बघितली, मला नऊवारीबद्दल विचारायचंय". त्यामुळे कोण साइटवरून आलं ते आपोआप कळतं, मोजायला दुसरं काही लागत नाही.

पायरी ५: गूगल मॅपवरची पाटी

खरं सांगू का, ज्यांचा धंदा गावातल्या गावात आहे त्यांच्यासाठी हे वेबसाइटपेक्षा आधी करायला पाहिजे. गूगल बिझनेस प्रोफाइल, २०२१ पर्यंत त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे. फुकट. कोणी "गूगलमधून बोलतोय, प्रोफाइल चालू ठेवायला पैसे भरा" म्हणालं तर फोन ठेवा. "पहिल्या नंबरवर आणतो, गॅरंटी" म्हणालं तरी ठेवा, अशी गॅरंटी कोणी देऊ शकत नाही हे गूगलने स्वतः लिहून ठेवलंय.

व्हेरिफिकेशनला आजकाल बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात, रस्ता, बिल्डिंगची पाटी, तुमचं काम करायचं ठिकाण, हे सगळं एकाच सलग शूटिंगमध्ये. मी गेटपासून जिना चढत मशीनपर्यंत आले, वाटेत शेजारच्या आजींनी "काय गं, काय झालं?" विचारलं तेही रेकॉर्ड झालं, तरी पास झालं.

घरून काम करणाऱ्या बायकांनी हे नक्की वाचा. घरचा पत्ता जगाला दाखवायची सक्ती नाही. गिऱ्हाइकाकडे तुम्ही जाता किंवा माल पोचवता असं असेल तर पत्ता लपवता येतो आणि त्याऐवजी कुठल्या भागात सेवा देता ते लिहिता येतं, वीसपर्यंत भाग टाकता येतात. मी आनंदनगर, धायरी, वारजे, कोथरूड, बिबवेवाडी असे टाकलेत. माप घ्यायला मीच जाते.

नाव जे आहे तेच लिहायचं. "बेस्ट नऊवारी साडी शॉप इन पुणे" असं नावात घुसडलं तर नियमात बसत नाही, प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. मुख्य कॅटेगरी नीट निवडा, तिच्यावर बरंच अवलंबून असतं. वेळ खरी लिहा, आणि हो, दिवसातून दोन वेळा उघडण्याची सोय आहे त्यात, म्हणजे एक ते चार बंद दाखवता येतं, पुण्याचा विचार केलेला दिसतोय त्यांनी!

मॅपवर कोण वर दिसणार हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं, शोधणाऱ्याला जे हवं ते तुम्ही करता का, तुम्ही किती जवळ आहात आणि तुमचं नाव किती आहे. जवळ येणं आपल्या हातात नाही. त्यामुळे विमाननगरमध्ये बसून कोणी शोधलं आणि मी दिसले नाही तर मी जीवाला लावून घेत नाही.

रिव्ह्यूसाठी प्रोफाइलमध्येच एक लिंक मिळते. साडी दिल्यावर तिसऱ्या दिवशी मी ती पाठवते. त्याच दिवशी नाही, कारण तेव्हा त्या कार्यात असतात. "रिव्ह्यू टाका, पुढच्या वेळी शंभर रुपये कमी" हे नियमाविरुद्ध आहे, करू नका. स्वतःच स्वतःला पाच तारे देऊ नका. मला एक दोन तारेवाला आलाय, "ब्लाउजची बाही घट्ट". खरं होतं. तसंच लिहिलं, चूक माझी, आणून द्या, करून देते. त्यानंतर आलेल्या दोघीजणी म्हणाल्या की तो वाचूनच फोन केला.

पायरी ६: पत्ता सांगणारे

दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणारी लिंक म्हणजे पत्ता सांगणारा. असल्या लिंका विकत घेऊ नका, हजार लिंका पाच हजारात वगैरे. खऱ्या ओळखीतून घ्या. माझ्या नऊवारी घातलेल्या नवऱ्यांचे, म्हणजे नवरीमुलींचे, फोटो काढणारा फोटोग्राफर, मेकअप करणारी ताई, मंगळागौरीचे खेळ करणारा ग्रुप, या तिघांच्या साइटवर माझं नाव आहे आणि माझ्यावर त्यांचं. जिथे जिथे नाव टाकाल, जस्टडायल असो, इन्स्टा असो, तिथे नाव आणि नंबर अक्षरशः सारखा हवा.

पिशवीवर क्यूआर कोड छापा. फक्त तो साधा, कायमचा असू दे. मी एका साइटवरून फुकट काढला, पाचशे पिशव्या छापल्या, आणि दोन आठवड्यांनी स्कॅन केलं तर "ट्रायल संपली". त्या पिशव्यांतून आता घरात भाजी येते. क्रोममध्येच पानाचा क्यूआर बनवता येतो, तो बंद पडत नाही, उगाच दुसरीकडे जाऊ नका.

व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्ट ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतं, म्हणून माप घेतानाच म्हणायचं "नंबर सेव्ह करून ठेवा हं". इन्स्टावर रील करा, पण लिंक बायोमध्ये ठेवा, कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही.

जाहिरात

गूगलवर पैसे देऊन जाहिरात करायची ती सगळं वरचं झाल्यावरच. दिवसाला दोनशे रुपयांनी सुरू करा. एखाद्या दिवशी गूगल दुप्पट खर्च करू शकतं, घाबरू नका, महिन्याचं गणित ते जुळवतं. लोकेशनच्या सेटिंगमध्ये "या भागात असलेले" एवढंच निवडा, नाहीतर पुण्यात नुसता इंटरेस्ट असलेल्यांनाही जाहिरात दिसते. आणि नको असलेले शब्द वगळायच्या यादीत आधी टाका, मी "भाड्याने", "कशी नेसायची", "फोटो" हे तिन्ही वगळलेत. नेसायला शिकणारी बाई माझ्याकडे कशाला येईल?

मोजायचं काय

रोज किती जण आले ते बघत बसू नका, त्यातले निम्मे तुम्ही स्वतःच असता. महिन्यातून एकदा सर्च कन्सोलमध्ये जाऊन लोक कुठले शब्द टाकून आले ते बघा. सोळा महिन्यांचं जुनं तिथे राहतं, मागच्या वर्षीच्या श्रावणाशी ताडून बघता येतं. एखाद्या शब्दावर तुम्ही खूपदा दिसताय पण कोणी क्लिक करत नाही, तर त्या पानाचं टायटल बदला. बाकी वहीत प्रत्येक ऑर्डरीसमोर एक शब्द लिहा, "साइट", "मॅप", "पिशवी", "नणंद". माझ्याकडे अजूनही नणंद पुढे आहे.

वेळ लागतो. गूगलचं स्वतःचं म्हणणं आहे की असल्या कामाचा फरक दिसायला चार महिने ते वर्ष लागतं. म्हणून सणाचं पान सणाच्या तोंडावर टाकून उपयोग नाही. पथकांचा सराव पावसाळ्यात सुरू होतो, कपड्यांचं बोलणं त्याच सुमारास होतं, तेव्हा माझं पथकाचं पान मे महिन्यात तयार असतं. गॅदरिंगचं नवरात्रात. पाडव्याचं संक्रांतीला.

परवा पुन्हा फोन आला, आईची जुनी सहावारी आहे, तिची मला नऊवारी होईल का? मुलीची असती तर हो म्हटलं असतं, मोठ्या बाईचं मापावर असतं, साडेपाच मीटरमध्ये काष्टा आणि निऱ्या दोन्ही काढायचे म्हणजे कसरत. कंबर आणि उंची विचारून घेतली. वहीत हा प्रश्न आता सातव्यांदा आलाय, त्याचं पान या रविवारी लिहायला घेतेय.